मंद रहदारींत तापणारी मोटार

परळच्या एका रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळीं साडेनऊच्या सुमारास मोटारींची रांग लागलेली असते. त्या रांगेंत पंचवीस वर्षें इमानानें सेवा केलेली एक लहान मोटार उभी आहे. मागच्या आसनावर वृद्ध माता, आणि चक्रापाशीं तिचा साठीला आलेला मुलगा. डॉक्टरांची वेळ ठरलेली आहे; परंतु मुलाची दृष्टि रस्त्यापेक्षां तापदर्शक कांट्याकडेच अधिक आहे. कांटा मध्य ओलांडतो, तांबड्या रेषेकडे सरकूं लागतो, आणि अखेर मोटार कडेला घेऊन मातेला भाड्याच्या गाडींत बसवावें लागतें. एका महिन्यांत असा प्रसंग तीनदां आला.

नवल असें कीं, त्याच महिन्यांत ती मोटार पुण्यास जाऊन आली, बोरघाट चढली, आणि तेव्हां कांटा जागचा हालला नाहीं. एका कारागिरानें रेडिएटर बदलला, दुसऱ्यानें थर्मोस्टॅट काढून टाकला, तिसऱ्यानें इंजिन उघडावें लागेल असा निकाल दिला. पैसे गेले, दुखणें मात्र राहिलें. आणि मोटार भंगारांत घालावी कीं काय, अशी बोलणीं घरांत सुरू झालीं. वास्तविक रोगाची मुख्य खूण या हकीकतींतच होती. मोटार कोठें तापते हें तिघांनींही ऐकलें. ती कोठें तापत नाहीं, हें मात्र कोणीं विचारांत घेतलें नाहीं.

इंजिनांत पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकीं स्थूलमानानें तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो आणि जवळजवळ तितकाच इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला मिळतो. हें तापलेलें पाणी पंप रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरवितो आणि तेथें हवा त्याची उष्णता हिरावून घेते. म्हणजे पाणी हा केवळ हमाल. ओझें शेवटीं उतरून घ्यावयाचें तें हवेनें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें मोटार धांवत असतां समोरून सेकंदाला सुमारें १७ मीटर वेगाचा वारा तिला आपोआप मिळतो. ताशीं ६ किलोमीटरच्या रांगेंत तोच वारा दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि मोटार थांबली कीं तोही नाहींसा होतो. इतकेंच नव्हे, तर बॉनेटखालची तापलेली हवा उलट फिरून पुन्हां रेडिएटरच्या तोंडाशीं येते. अशा वेळीं सारा भार एकट्या पंख्यावर पडतो.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. १९०० सालीं विल्हेल्म मायबाख यांनीं डायम्लर कारखान्याच्या नव्या मर्सिडीज मोटारीसाठीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यांत ८,०७० बारीक नळ्या होत्या. तरीही मंद गतींत वारा पुरावा म्हणून त्यामागें एक लहान पंखा बसवावा लागलाच.

यावरून तपासाचा पहिला नियम निघतो. मोटार मंद गतींत तापते आणि वेगांत शांत राहते, तर संशय प्रथम हवेच्या वाटेवर घ्यावा. उलट वेगांत किंवा चढावर ती तापत असेल, तर पाण्याच्या वाटेवर, म्हणजे आंतून चोंदलेला रेडिएटर, न उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, किंवा आंत दबणारी रबरी नळी यांवर घ्यावा. दोन्ही ठिकाणीं तापत असल्यास दोन्ही वाटा तपासाव्या.

तपासाचा आरंभ नेहमीं थंड इंजिनापासून करावा. सकाळीं, मोटार रात्रभर उभी राहिल्यावर, रेडिएटरचें झांकण उघडून पाणी तोंडाशीं आहे कीं नाहीं तें पाहावें. तापलेल्या इंजिनाचें झांकण कोणत्याही कारणानें उघडूं नये. तें झांकण स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिट्टीसारखें काम करतें: सुमारें ०.९ बार जादा दाब धरून ठेवणाऱ्या झांकणाखालीं पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. परंतु झांकण फिरवितांच दाब सुटतो, पाण्याची क्षणांत वाफ होते आणि उकळतें पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर उसळतें. या झांकणाचें रबर जुनें होऊन दाब राहीनासा झाला, तर पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. म्हणून स्वस्तांतला हा भाग आधीं तपासावा.

पाणी पुरेसें असल्यास मोटार अंगणांत उभी करून इंजिन जागच्या जागीं चालूं द्यावें, आणि कांट्याकडे लक्ष ठेवून पंख्याचा आवाज ऐकावा. अँबॅसिडर किंवा पद्मिनी यांसारख्या मोटारींत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तेथें पट्टा सैल पडून घसरतो आहे काय, पातीं तुटलीं आहेत काय, हें पाहावें. मारुती ८०० सारख्या मोटारींत पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठराविक उष्णतेला पोहोंचलें म्हणजे एक उष्णतेचा खटका त्याला चालू करतो. कांटा नेहमींच्या जागेहून वर चढला आणि पंखा स्वस्थच राहिला, तर इंजिन लगेच बंद करावें. चोर सांपडला आहे. मात्र असा पंखा कोणत्याही क्षणीं आपोआप फिरूं लागतो. बोटें, पदर आणि बाह्या त्यापासून दूर ठेवाव्या.

पंखा न फिरण्याचीं कारणें चार-पांचच आहेत. फ्यूज जळणें, रिले बिघडणें, पंख्याची मोटर झिजणें, जोडणीला गंज चढणें, किंवा खटका निकामी होणें. दोन तारांचा साधा खटका असेल, तर माहितगार कारागीर त्या तारा क्षणभर एकमेकींस जोडून पाहतो. पंखा फिरला तर तो आणि त्याची वीज निर्दोष, दोष खटक्याचा. संगणकावर चालणाऱ्या नव्या मोटारींत मात्र हा प्रयोग करूं नये. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: पाणी कमी असून खटक्यापाशीं हवा अडकली असेल, तर चांगला खटकाही गप्प बसतो.

पंखा जोमानें फिरत असूनही मोटार तापत असल्यास हवेची वाट बाहेरून अडली आहे काय तें पाहावें. वातानुकूलन असलेल्या मोटारींत रेडिएटरच्या पुढें दुसरी जाळी असते. या दोहोंमधील फटींत धूळ, केर आणि किडे यांचा थर सांचतो, आणि तो समोरून दिसत नाहीं. थंड इंजिनावर, आंतल्या बाजूनें बाहेर, पाण्याची मंद धार सोडून तो धुवावा. जोराच्या धारेनें नाजूक पापुद्रे वांकतात. पंख्याभोंवतालचें कडें जागेवर असणेंही महत्त्वाचें आहे. दुरुस्तींत तें काढून पुन्हां न बसविल्यास पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजीं आजूबाजूचीच हवा घुसळीत राहतो.

गळती दिसत नसतां पाणी कमी होणें, पाण्यांत सतत बुडबुडे येणें, तेल दुधाळ होणें, किंवा मागील नळींतून पांढरा धूर निघत राहणें, हीं लक्षणें हेडखालील गॅस्केट फुटल्याचीं असूं शकतात. इंजिन उघडण्याचा निर्णय अशा लक्षणांवरच घ्यावा, केवळ कांट्यावरून नव्हे.

दोन लोकप्रिय उपायांपासून सावध राहावें. थर्मोस्टॅट काढून टाकल्यानें हवेची उणीव भरून निघत नाहीं. उलट इंजिनाला योग्य उष्णता लाभण्यास वेळ लागतो, आणि कांहीं इंजिनांत तापलेल्या पाण्याचा कांहीं भाग रेडिएटरला टाळून परस्पर माघारी जातो. दुसरा उपाय म्हणजे पंख्याला हातानें चालवावयाचा खटका लावणें. तो एक-दोन दिवस निभावून नेण्यापुरता ठीक. परंतु घाईच्या दिवशीं तो लावावयाचें नेमकें विसरलें जातें. रेडिएटरमध्यें विहिरीचें जड पाणीही घालूं नये, त्याच्या क्षारांचे थर नळ्या बुजवितात. कारखान्यानें सांगितलेलें कूलंट योग्य प्रमाणांत वापरावें.

रहदारींतच कांटा चढूं लागला, तर वातानुकूलन बंद करावें, मोटारींत उष्ण हवेची सोय असेल तर ती पूर्ण उघडावी आणि खिडक्या खालीं घ्याव्या. उकाडा सोसावा लागेल, पण तेवढी उष्णता इंजिनाबाहेर पडेल. कांटा तरीही न थांबल्यास कडेला उभें राहून इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास वाट पाहावी. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये. धातूला तडा जाण्याचें भय असतें. "आतां जवळच आलें" म्हणून रेटलेला शेवटचा एक किलोमीटर कित्येकदां हेड वांकवितो, आणि किरकोळ दुरुस्तीचें रूपांतर मोठ्या खर्चांत होतें.

त्या गृहस्थांची मोटार अखेर अशाच क्रमानें तपासली गेली. पाणी पुरेसें होतें, फ्यूज शाबूत होता, जाळी स्वच्छ होती. परंतु कांटा चढला तरी पंखा हालला नाहीं. दोन तारा जोडतांच तो फिरूं लागला. दोष मुठींत मावेल एवढ्या खटक्याचा निघाला. पहिला रेडिएटर विनाकारण गेला होता. काढलेला थर्मोस्टॅट मात्र परत बसविण्यांत आला. पुढच्या आठवड्यांत परळच्या त्याच रांगेंत मोटार वीस मिनिटें उभी होती. कांटा थोडा वर चढला, बॉनेटखालीं पंखा घरघरला, आणि कांटा पुन्हां मध्यावर आला. मागें बसलेल्या मातेनें तो कसला आवाज म्हणून विचारलें, तेव्हां मुलगा हंसला आणि म्हणाला, "कांहीं नाहीं, आई. पंखा सुरू झाला."