किशोर नायक आणि निर्णयाचा क्षण

१९२१ सालाचे अखेरचे दिवस. असहकाराच्या चळवळीने काशीच्या गल्ल्यागल्ल्या जाग्या झाल्या होत्या. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला महात्मा गांधींच्या हस्ते काशी विद्यापीठाची स्थापना झाली होती आणि सरकारी शिक्षणसंस्थांकडे पाठ फिरविलेली मुले तेथे जमू लागली होती. अशा दिवसांत पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी सत्याग्रहात पकडला गेला आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला. हा मुलगा शिकून संस्कृत पंडित व्हावा, एवढीच त्याच्या आईची इच्छा होती. रिवाजाप्रमाणे त्याला तीन प्रश्न विचारण्यात आले : नाव काय, वडिलांचे नाव काय, राहणार कोठे? नाव आझाद, वडिलांचे नाव स्वतंत्रता आणि घर तुरुंग, अशी उत्तरे त्याने दिल्याचे सांगतात. शिक्षा झाली पंधरा फटक्यांची. या फटक्यांची हकीकत पंडित नेहरूंनीही आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. तो मुलगा म्हणजे चंद्रशेखर तिवारी. पुढे सारा देश त्याला चंद्रशेखर आझाद म्हणून ओळखू लागला.

या प्रसंगातील धैर्य सर्वांना दिसते. परंतु त्यात धैर्याहून निराळीही एक गोष्ट आहे. न्यायालयाने त्या मुलापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या : नमून सुटावे, किंवा गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगावी. मुलाने शिक्षा भोगली खरी. पण गुन्हेगार म्हणून नव्हे. प्रश्न ज्याच्या हाती असतो, सत्ता त्याच्या हाती असते. आणि मुलाने उत्तर देता देता त्या प्रश्नांचाच अर्थ पालटून टाकला.

गेल्या काही दशकांत किशोरवयीन वाचकांसाठी इंग्रजीत एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्या विपुल लिहिल्या गेल्या आहेत. आदर्श राज्याच्या कल्पनेला जसे युटोपिया म्हणतात, तसे या कादंबऱ्यांतील राज्याला डिस्टोपिया म्हणतात. त्यांना सोयीसाठी कुराज्याच्या कथा म्हणता येईल. भविष्यातील एखादा समाज, वरवर सुव्यवस्थित; पण त्या व्यवस्थेच्या पोटात क्रौर्य दडलेले. त्या समाजातील बारा ते अठरा वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी एका क्षणी निर्णय घेते आणि कथेला वळण मिळते. हा निर्णय नेमका कसा घेतला जातो, हा या कथांतील खरा अभ्यासाचा विषय आहे.

सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत पॅनेम नावाचे राज्य आहे. पूर्वीच्या बंडाची शिक्षा म्हणून दर वर्षी त्याच्या बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडली जातात आणि त्या चोवीस जणांना एकमेकांच्या जिवावर सोडले जाते. जिवंत राहावयाचे ते एकानेच. चिठ्ठी निघते बारा वर्षांच्या प्रिमरोजची. आणि तिची सोळा वर्षांची बहीण कॅटनिस तिच्याऐवजी स्वतः पुढे होते. या निर्णयामागे काही तत्त्वज्ञान नाही, राज्य उलथून टाकण्याचा बेत नाही. धाकट्या बहिणीचे नाव कानी पडताच थोरलीच्या तोंडून शब्द निघतो, इतकेच. विचार मागून येतो.

लॉइस लोरी यांच्या १९९३ सालच्या ‘द गिव्हर’ या कादंबरीतील जोनासची गोष्ट निराळी आहे. त्याच्या समाजात दुःख नाही, भांडण नाही, रंगदेखील नाहीत. मूल बारा वर्षांचे झाले की वडीलधारी मंडळीच त्याचा व्यवसाय ठरवितात. जोनासला मानवजातीच्या जुन्या स्मृती सांभाळण्याचे काम मिळते. त्या स्मृतींतून त्याला रंग कळतात, माया कळते, युद्धही कळते. मग एके दिवशी ‘मुक्त करणे’ या सौम्य शब्दाचा खरा अर्थ त्याच्या डोळ्यांपुढे येतो : त्याचे स्वतःचे वडील एका नवजात अर्भकाला सुई टोचून मारीत असतात, आणि तेही अगदी गोड बोलत. घरी पाळलेल्या गॅब्रिएल या तान्ह्या मुलावरही तीच पाळी येणार, हे समजताच जोनास त्याला घेऊन रातोरात निघतो. येथे निर्णय ज्ञानातून येतो. शब्दामागची वस्तुस्थिती कळल्यावर पूर्वीसारखे राहणे अशक्य होते.

तिसरे उदाहरण व्हेरॉनिका रॉथ यांच्या २०११ सालच्या ‘डायव्हर्जंट’चे. तेथे समाज पाच गटांत विभागलेला आहे आणि सोळाव्या वर्षी प्रत्येकाने एक गट निवडावयाचा असतो. निवडीचा मोठा समारंभ होतो. बाहेरून पाहता हे स्वातंत्र्यच वाटते. परंतु पाचच गट का आणि ते कोणी पाडले, हे विचारण्याची मुभा त्या समारंभात नाही. कुराज्याची ही सर्वांत सूक्ष्म युक्ती होय. ते माणसाला निवड नाकारीत नाही. निवडीचे पर्याय मात्र स्वतः ठरविते.

या तिन्ही कथा एकत्र पाहिल्या म्हणजे निर्णयाची वाट स्पष्ट होते. प्रारंभ बहुधा एखाद्या जवळच्या माणसापासून होतो : बहीण, तान्हे मूल, मित्र. त्या जिव्हाळ्यातून व्यवस्थेचे खरे रूप दिसते. शेवटी दिलेल्या पर्यायांच्या बाहेरचा पर्याय शोधला जातो. कॅटनिस व तिचा सोबती पीटा हे दोघेच उरतात, तेव्हा एकाने दुसऱ्याला मारावे असा हुकूम होतो. दोघेही विषारी फळे तोंडात टाकण्यास सिद्ध होतात. विजेताच उरला नाही तर खेळ कसला? आयोजकांना माघार घ्यावी लागते. काशीच्या न्यायालयातील त्या उत्तरांची जात हीच होती.

काशी ही निर्णयाच्या एका पुरातन कथेचीही भूमी आहे. हरिश्चंद्राने येथे स्वतःला विकून घेतले आणि तो स्मशानाची राखण करू लागला. सर्पदंशाने गेलेल्या रोहिदासाला घेऊन तारामती आली, तेव्हा पोटच्या पोराच्या दहनाचाही कर त्याने मागितला. काशीचा एक घाट आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. येथे एक शंका येते. नियम न मोडणारा हरिश्चंद्र थोर, तर नियम मोडणारी कॅटनिस थोर कशी? उत्तर असे की, हरिश्चंद्र पाळीत होता तो शब्द त्याने स्वतः दिलेला होता, आणि त्याची किंमतही तो स्वतःच्याच काळजातून मोजीत होता. कुराज्यातील मुलांनी कोणताही शब्द दिलेला नसतो. त्यांच्या जन्मापूर्वीच कोणी तरी त्यांच्या नावाने तो देऊन टाकलेला असतो. स्वतःच्या वचनाशी एकनिष्ठ राहणे आणि लादलेल्या वचनाला नकार देणे, ही एकाच स्वाभिमानाची दोन रूपे आहेत.

मात्र निर्णयाचे मोल नेहमी निर्णय घेणाराच देतो, असे नाही. काशीच्याच मन्मथनाथ गुप्त यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. असहकाराच्या काळात, तेरा-चौदा वर्षांच्या वयात, त्यांनी तुरुंग पाहिला. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ सरकारी खजिना लुटण्यासाठी क्रांतिकारकांनी आगगाडी थांबविली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. प्रवाशांना इजा करावयाची नाही, असे ठरलेले होते. तरीही मन्मथनाथांच्या हातून गोळी सुटली आणि एक निरपराध प्रवासी मरण पावला. पुढे खटला होऊन १९२७ च्या डिसेंबरात चौघे फासावर गेले. काशीतील विद्यार्थी राजेंद्र लाहिरी त्यांपैकी एक होते. मन्मथनाथ वयाने लहान म्हणून चौदा वर्षांच्या सक्तमजुरीवर सुटले. ते दीर्घायुषी झाले, क्रांतिकारक चळवळीचे इतिहासकार झाले. पण त्या एका गोळीची खंत उतारवयातही त्यांच्या मनातून गेली नाही.

कुराज्याच्या कथांपैकी चांगली कथा कोणती आणि सामान्य कोणती, हे ओळखण्याची कसोटी येथे मिळते. सामान्य कथेत दुष्ट इतका काळाकुट्ट रंगविलेला असतो, की नायकाचा प्रत्येक निर्णय आपोआप योग्य ठरतो. चांगली कथा ही सवलत देत नाही. ज्या बहिणीला वाचविण्यासाठी कॅटनिसने पहिले पाऊल टाकले, ती बहीण मालिकेच्या अखेरच्या भागात युद्धाच्या आगीत मरते. आणि नवी सत्ताही जुन्या वाटेने जाऊ पाहते, हे ध्यानी आल्यावर कॅटनिसला पुन्हा एकवार निर्णय घ्यावा लागतो. एकदा योग्य निर्णय घेतला म्हणजे कायमची सुटका झाली, असे जीवनात होत नाही.

पुत्र सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. याचा अर्थ त्या वयापासून त्याचे मत विचारात घ्यावयाचे. या कादंबऱ्या किशोरांना प्रिय झाल्या त्याचे कारणही बहुधा हेच असावे. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोणती नोकरी धरावी, याचे पर्याय मोठ्यांनी आधीच मांडून ठेवलेले असतात. आणि आपल्याला खरोखर कोणी विचारले आहे काय, ही शंका त्या वयात प्रथम मनाला शिवते.

पुणे जिल्ह्यातील खेड गावचा शिवराम हरी राजगुरू हा मुलगा असाच घर सोडून संस्कृत शिकण्यासाठी काशीस गेला होता. तेथे त्याची क्रांतिकारकांशी गाठ पडली. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला त्याने व त्याच्या साथीदारांनी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. मनात होता तो अधिकारी स्कॉट. समोर आला दुसराच. २३ मार्च १९३१ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षात, राजगुरू फासावर गेले. खेडला आज राजगुरुनगर म्हणतात. त्या नावाला वंदन करताना तरुण वाचकाने केवळ शौर्य पाहू नये. पुढ्यात ठेवलेले पर्याय कोणी ठेवले, त्यांच्याबाहेर काही आहे काय, आणि आपल्या निर्णयाची किंमत आपल्याशिवाय आणखी कोण देणार आहे, हे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. कुराज्याची कथा ते कल्पनेत विचारावयास शिकविते. काशीच्या त्या मुलांना ते प्रत्यक्षात सोडवावे लागले.