जपानला हवेत कामाचे हात

जपानमध्ये आज दर 10 माणसांत जवळपास 3 जणांनी पासष्टी गाठली आहे. वृद्धाश्रमांत, शेतांवर, बांधकामांवर माणसं मिळत नाहीत.

1993 साली जपानने परदेशी तरुणांसाठी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना आणली. नाव प्रशिक्षणाचं, प्रत्यक्षात मजुरी. व्हिएतनाममधून येणारी अनेक मुलं दलालांची फी भरायला कर्ज काढत. मालक कसाही निघाला तरी सहसा नोकरी बदलता येत नसे. पगार बुडाला, मारहाण झाली, तर पळून जायचं. आणि पळालं की वास्तव्यच बेकायदा ठरायचं. ही व्यवस्था तीस वर्षं चालू दिली गेली, हे मला अक्षम्य वाटतं.

2019 मध्ये ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसा आला. त्याच्या पहिल्या श्रेणीत 5 वर्षं राहता येतं, पण बायकामुलांना सोबत नेता येत नाही. जून 2024 मध्ये जुनी योजना मोडीत काढणारा कायदा संसदेने मंजूर केला. त्यानुसार 2027 पासून, भाषा परीक्षेसारख्या अटी पाळून, एक-दोन वर्षांनी मालक बदलता येईल.

भारतानेही 2021 मध्ये जपानशी कुशल कामगारांबाबत करार केला. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींनी सही करण्याआधी एवढं जरूर विचारावं : फी कोण घेतंय, कशाची, आणि व्हिसा कोणत्या श्रेणीचा?