आवाज आधी, बाई मागाहून



श्रोतेहो, भुताचा सिनेमा सुचवा म्हटलं की मी एकच नाव घेतो, 'महल'. 1949 सालचा, बॉम्बे टॉकीजचा. घरातली पोरं नाक मुरडतात, "ब्लॅक अँड व्हाइट? त्याला काय भ्यायचं?"

गोष्ट अलाहाबादजवळ नैनीला घडते. ओस पडलेली, सरकारी लिलावात विकत घेतलेली हवेली. नाव 'संगम भवन'. प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावर राहणाऱ्या आपल्याला हे नाव घरचंच वाटावं. आणि बंद वाडा म्हणजे काय, हे संगमनेरकराला काय सांगायचं! आमच्या गल्लीतही एक होता. दिंडी दरवाज्याला कुलूप, माळवदावर पिंपळ उगवलेला. चेंडू आत गेला की गेलाच. आत कुणाला कधी काही दिसलं नव्हतं, पण तिन्हीसांजेला नुसती पारवी फडफडली तरी आम्ही धूम ठोकायचो.

ही कानांची भीती कमाल अमरोहींनी बरोबर हेरली, तीही दिग्दर्शक म्हणून पहिल्याच सिनेमात. अशोककुमार हवेलीत राहायला येतो. भिंतीवर जुन्या मालकाची तसबीर, हुबेहूब त्याच्याच चेहऱ्याची. तो मालक नदीत कसा बुडाला, हे माळी सांगतो. मग रात्री कुठूनशी एक बाई गाऊ लागते. हा आवाजामागे खोल्या धुंडाळत हिंडतो. झोपाळ्यावर दिसते ती मधुबाला, जेमतेम 16 वर्षांची.

गाणं तुम्हाला पाठच असेल, 'आयेगा आनेवाला'. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. आवाज लांबून जवळ यायला हवा होता. म्हणून मायक्रोफोन मधोमध ठेवला आणि लताबाई गात गात चालत त्याच्यापाशी आल्या, असं त्याच सांगत. गंमत पुढेच आहे. रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! 'ही गाते कोण?' म्हणून लोकांनी रेडिओवाल्यांना भंडावून सोडलं. पडद्यावर अशोककुमार शोधत होता तिलाच घरोघरचे श्रोतेही शोधत होते. आता मीही तुम्हाला दिसत नाहीच, पण घाबरू नका.

उजेड-अंधाराचा खेळ जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा. संकलन बिमल रॉय यांचं. पुढे 1958 मध्ये त्यांनी 'मधुमती' केला. त्यातही जुनी हवेली आणि गेल्या जन्माची आठवण आहेच.

उत्तरार्धात कोर्टकचेरी येते आणि सिनेमा रेंगाळतो, हे कबूल. शेवट मात्र सांगणार नाही. बघाल तेव्हा मोबाइलवर नुसतं गाणं बघू नका. रात्रीची जेवणं उरकू द्या, दिवे घालवा, पंखाही बंद करा. पंख्याच्या घरघरीत तिचा पहिला सूर बुडतो.