एसटी थांबली तरी गाव थांबू नये

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात आपण बहुधा बियाणे, खते, पाणी आणि कीडनियंत्रण यांवर बोलतो. आज मी थोडा वेगळा विषय घेणार आहे. पिकविलेली भाजी बाजारात जाते, मुलगी शाळेत जाते, म्हातारी माणसे दवाखान्यात जातात आणि मजूर बाया दुसऱ्या गावी कापूस वेचायला जातात. या सर्वांना नेणारी एसटी महिनोन् महिने बंद राहिली तर काय होते, हे आपण २०२१-२२ साली पाहिले आहे. त्या अनुभवातून काय शिकायचे, ते आज पाहू.

संप कसा झाला?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे ती वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे २५० आगारे, सुमारे १६ हजार गाड्या आणि ९० हजारांवर कर्मचारी असा हा पसारा होता. कोरोनापूर्वी दररोज साठ लाखांहून अधिक लोक एसटीने प्रवास करीत.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस काही आगारांत काम बंद झाले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संप राज्यभर पसरला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही मुख्य मागणी होती. तिच्यामागे कमी पगार, कोरोनाच्या काळात रखडलेले वेतन आणि कर्जबाजारीपणा होता. काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्याही केल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस शासनाने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. परंतु विलीनीकरणाच्या मागणीवर बरेच कर्मचारी ठाम राहिले. त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरणाच्या विरोधात मत दिले. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने कामावर रुजू होण्यासाठी २२ एप्रिल २०२२ ही मुदत दिली, तेव्हा गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. म्हणजे हा संप जवळजवळ साडेपाच महिने चालला.

संप करणारे चालक-वाहक बहुतांशी आपल्याच शेतकरी कुटुंबांतील मुले आहेत. चूक कोणाची, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आपला प्रश्न एवढाच की, या काळात गावाचे काय झाले आणि पुन्हा तशी वेळ आली तर आपण काय करावे?

नुकसान सर्वांचे सारखे झाले नाही

ज्यांच्याकडे पिकअप किंवा ट्रॅक्टर आहे, ज्यांचा कांदा वा ऊस गाडीभर निघतो, त्यांच्या मालाची वाहतूक संपाने फारशी अडली नाही. दूध संस्थेचे संकलनही टेम्पो आणि टँकरवर चालत असल्याने बव्हंशी सुरू राहिले. अडले ते दहा-वीस गुंठ्यांत भाजी करणारे, पाटीभर माल घेऊन पहिल्या गाडीने आठवडी बाजार गाठणारे आणि रोजंदारीवर जाणारे लोक. ज्या वाडीत फक्त मुक्कामी गाडी येत होती, तिथे तर तालुक्याशी संबंधच तुटला.

एसटीऐवजी वडाप, काळी-पिवळी आणि टमटम धावल्या. शासनाने खाजगी वाहनांना प्रवासी वाहतुकीस परवानगीही दिली. परंतु ही वाहने भरल्याशिवाय निघत नाहीत, आडमार्गाला फिरकत नाहीत आणि मालाच्या पाटीचे वेगळे पैसे घेतात. ज्येष्ठांची सवलत आणि विद्यार्थ्यांचा पास त्यांत चालत नाही.

आता थोडा हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपण आपल्या गावचे दर घालून पाहावेत.

समजा, एक भगिनी दर आठवड्याला मेथीच्या ४० जुड्या १८ किलोमीटरवरील बाजारात नेते. जुडीला ८ रुपये मिळाले तर ३२० रुपये होतात. एसटीचे जाण्या-येण्याचे भाडे ५० रुपये धरले तर हातात २७० रुपये राहतात. एसटी बंद झाली, जीपवाल्याने दोन्ही वेळचे मिळून १०० रुपये आणि पाटीचे ३० रुपये घेतले, तर हातात १९० रुपये उरतात. आठवड्याला ८० रुपयांचा तोटा म्हणजे २४ बाजारांत १,९२० रुपये. गावातच व्यापाऱ्याला ४ रुपये जुडीने माल दिला तर १६० रुपयेच येतात.

आता तीन भगिनींनी मिळून काम केले असे समजू. तिघींच्या १२० जुड्या घेऊन एकच जण बाजारात गेली. विक्री ९६० रुपये, एकीचे भाडे १०० रुपये, तीन पाट्यांचे ९० रुपये. खर्च वजा जाता ७७० रुपये उरले, म्हणजे प्रत्येकीला सुमारे २५७ रुपये. एसटी चालू असताना मिळत होते त्याच्या जवळपास ही रक्कम आली आणि दोघींचा दिवस घरच्या कामाला किंवा मजुरीला मोकळा राहिला. पाळीपाळीने प्रत्येकीने बाजार करावा. वजन, जुड्या आणि भाव वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे शंका-कुशंका राहत नाहीत.

पालेभाजी टिकविणे

गाडी कधी मिळेल याचा भरवसा नसेल तेव्हा भाजी काढण्याची घाई करू नये. वाहन ठरल्यानंतरच, सकाळी लवकर किंवा सायंकाळी ऊन उतरल्यावर काढणी करावी. माल सावलीत ठेवावा. पाटीच्या तळाशी आणि वर ओले गोणपाट घालावे. मात्र जुड्या पाण्याने निथळत ठेवू नयेत, त्या सडतात.

पाच-सहा भाजी उत्पादकांनी मिळून शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधून घ्यावा. त्यास वीज लागत नाही. सावलीच्या जागी विटांचा तळ करून विटांच्या दुहेरी भिंती उभाराव्यात. दोन भिंतींमध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटर अंतर ठेवून त्यात स्वच्छ वाळू भरावी. ही वाळू व विटा सकाळ-सायंकाळ पाणी शिंपडून ओल्या ठेवाव्यात. वर बांबू, गवत किंवा गोणपाटाचे झाकण करावे. आतील हवा थंड व दमट राहते आणि भाजी बाहेरच्यापेक्षा काही दिवस अधिक ताजी राहते. हुकलेला एक बाजार सावरायला एवढी मुदत पुष्कळ होते.

पिकांची निवड करतानाही विचार करावा. ज्याचे सारे क्षेत्र मेथी-कोथिंबिरीखाली असते त्याला एक दिवसही थांबता येत नाही. थोड्या क्षेत्रावर भोपळा, सुरण, लसूण अशी टिकाऊ पिके घेतली तर वाहतूक अडली तरी हातात काही राहते.

निविष्ठा आणि कार्यालयाची कामे

२०२१ चा संप ऐन रब्बी पेरणीत सुरू झाला. हरभऱ्याचे बियाणे, जिवाणू संवर्धक, बीजप्रक्रियेचे औषध यांसाठी तालुक्याला दोन-दोन खेपा कराव्या लागल्या. त्याकरिता हंगामापूर्वीच शेतकरी गटाने एकत्रित मागणीची यादी करावी आणि एकाच वाहनाने माल आणावा. खरेदीची पावती मात्र प्रत्येकाने स्वतःच्या नावाची घ्यावी. उगवणीबाबत तक्रार करायची झाल्यास ती लागते. जिवाणू संवर्धक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, त्यातील जिवाणू मरतात.

कागदपत्रांसाठीही प्रत्येकाने वेगळी फेरी मारण्याचे कारण नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून मिळतो. पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपमधून स्वतः करता येते. गावातील शिकलेल्या मुला-मुलींनी ही कामे शिकून घेतली तर वडीलधाऱ्यांचा एक दिवस आणि भाडे दोन्ही वाचते.

मुलींचे शिक्षण: सर्वांत मोठे नुकसान

भाजीचा तोटा पुढच्या हंगामात भरून निघतो. शाळा सुटलेल्या मुलीचे तसे नाही. कोरोनामुळे बराच काळ बंद असलेल्या ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या आणि महिना होतो न होतो तोच एसटी बंद पडली. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास जवळ आहे, पण गाडीच नाही! मानव विकास कार्यक्रमातील मुलींसाठीच्या गाड्याही एसटीच चालविते. त्यामुळे त्याही थांबल्या. पुढे मार्च २०२२ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, तेव्हाही संप मिटलेला नव्हता.

मुलाला सायकल किंवा मित्राची मोटारसायकल मिळते. मुलीला मात्र "गाडी सुरू झाली की जा" असे सांगितले जाते. दोन महिने घरी बसलेल्या मुलीच्या हाती विळा येतो, लहान भावंडे येतात आणि मग लग्नाची बोलणी सुरू होतात. बंधूंनो, हे आपल्या हातात आहे. गाडी बंद झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायतीने एकत्र बसावे. एका वाटेवरील मुलींची यादी करावी. पाच किलोमीटरच्या आतील मुलींनी सायकलींनी गटाने जावे. दूरच्या मुलींसाठी पालकांनी मिळून एक वाहन ठरवावे, सोबत गावातील एक जबाबदार महिला असावी. ते न जमल्यास शाळेच्या गावी नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात सोय पाहावी. मुलीची शाळा थांबवू नये.

दवाखाना आणि सुरक्षित प्रवास

रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने महिनाभराची औषधे घरी ठेवावीत. गाडी नाही म्हणून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. गावातील गरोदर महिला आणि नियमित उपचार लागणारे रुग्ण यांची यादी आशाताईंकडे असतेच. तिच्या जोडीला गावातील वाहनमालकांचे दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, गरोदर मातांसाठी १०२ क्रमांक आहे. हे लहान मुलांनाही पाठ असावे.

गाडी मिळत नाही म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा जीपच्या टपावर बसून प्रवास करू नये. ट्रॉली माणसांसाठी नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मालवाहू वाहनाच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरला जातो. इतर प्रवाशांना ते संरक्षण सहसा नसते. म्हणून गावाने वाहन ठरविताना चालकाचा परवाना, वाहनाचा विमा आणि परवानगी पाहूनच ठरवावे. भाडेही आधी ठरवून फलकावर लावावे.

आजच तयारी का करावी?

२०१७ च्या दिवाळीत चार दिवस एसटी बंद होती. २०२१-२२ मध्ये साडेपाच महिने, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर दोन दिवस संप झाला. दरम्यान ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट अशा सवलती सुरू झाल्या. सवलतीमुळे एसटीवरील भिस्त वाढली. तेव्हा गाडी बंद पडल्यास बसणारी झळही पूर्वीपेक्षा अधिक असेल. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

त्याकरिता पुढील ग्रामसभेत चार गोष्टी कराव्यात.

१. गावातील वाहने, त्यांचे मालक आणि चालक यांची नोंद करावी.

२. आठवडी बाजाराला जाणाऱ्या भाजी उत्पादकांचे तीन-तीन, चार-चार जणांचे गट पाडावेत.

३. बाहेरगावी शिकणाऱ्या मुला-मुलींची, विशेषतः मुलींची, मार्गानुसार यादी करावी.

४. नियमित औषधोपचार लागणाऱ्या व्यक्तींची यादी आशाताईंच्या मदतीने पुरी करावी.

यास फारसा खर्च नाही. एक वही आणि दोन तासांची बैठक पुरते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाड्या सुरू झाल्यावरही गावाने एसटीकडे पाठ फिरवू नये. वडापाची सवय लागून एसटी रिकामी धावली, तर कमी उत्पन्नाची फेरी म्हणून तीच आधी बंद होते. आणि मग ती फेरी परत मिळविण्यासाठी आगारात खेटे घालावे लागतात. बंद पडलेल्या फेरीची मागणी करायची असेल तर किती विद्यार्थी, किती भाजी उत्पादक आणि किती मजूर रोज जातात, याचे आकडे ग्रामसभेच्या ठरावात लिहून तो आगार व्यवस्थापकांना द्यावा. तोंडी तक्रारीपेक्षा आकड्यांसह केलेल्या ठरावाला अधिक वजन असते.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगत आले. संप घडविणे किंवा मिटविणे आपल्या हाती नाही. परंतु तो चालू असताना शेजारणीची पाटी बाजारात पोहोचविणे आणि कोणाचीही मुलगी घरी न बसू देणे आपल्या हाती आहे. आपण सर्वांनी या सूचनांचा अवलंब करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.