छोट्या ताऱ्याचा तापट शेजार



सकाळपासून निदान पाच जणांनी मला विचारलं, “परग्रहावर कुणी आहे का रे?” त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : तिथं हवा टिकली आहे का?

सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्सिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. मे महिन्यात रात्री दक्षिण क्षितिजालगत मित्र नावाचा ठळक तारा दिसतो, त्याच्याच बाजूला. पण नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण त्याचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम आठवा हिस्सा. आकाशगंगेतले बहुतेक तारे असेच लहान, लालसर आणि मंद आहेत. 2016 मध्ये प्रॉक्सिमाभोवती साधारण पृथ्वीच्या वस्तुमानाचा ग्रह सापडला आणि ‘दुसरी पृथ्वी’ असे मथळे झळकले. मला ते मथळे तेव्हाही पटले नव्हते.

शेकोटी मंद असली की ऊब मिळायला खेटून बसावं लागतं. हा ग्रह आपल्या ताऱ्यापासून फक्त 75 लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर. त्याचं वर्ष 11 दिवसांचं! पण या शेकोटीच्या ठिणग्या भयंकर उडतात.

सरांनी कागदाखाली लोहचुंबक धरून वर लोखंडाचा कीस टाकला की रेषा उमटायच्या, आठवतं? ताऱ्यावरही अशाच चुंबकीय रेषा असतात, फक्त त्या स्वस्थ बसत नाहीत. सूर्याच्या पोटात फक्त बाहेरचा थर खदखदतो. प्रॉक्सिमासारखा तारा मात्र आमटीच्या पातेल्यासारखा तळापासून उकळत असतो. त्या घुसळणीतून आणि ताऱ्याच्या गिरकीतून जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. रेषा पिळल्या जातात, तुटतात, पुन्हा जुळतात आणि साठलेली ऊर्जा ज्वाळा होऊन बाहेर पडते. मे 2019 मध्ये प्रॉक्सिमाची अशी एक ज्वाळा टिपली गेली. काही सेकंदांत त्याचा अतिनील प्रकाश 14,000 पट वाढला होता.

जवळ बसलेल्या ग्रहाला हा मारा सोसावा लागतो. क्ष-किरण आणि अतिनील किरणांनी हवेचा वरचा थर तापतो आणि अवकाशात निसटतो. पाण्याची वाफ फुटते, हलका हायड्रोजन उडून जातो. एखादी ज्वाळा निभावून नेता येईल. पण लहान तारे अब्जावधी वर्षं असेच तापट राहू शकतात. सूर्य त्या मानानं लवकर निवळला, हे आपलं नशीब.

ट्रॅपिस्ट-1 हाही असाच तारा, 40 प्रकाशवर्षांवर. त्याला सात खडकाळ ग्रह आहेत. 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली. दिवसाच्या बाजूला सुमारे 230 अंश सेल्सिअस, म्हणजे उघड्या खडकाची असावी तितकीच. दाट हवेचं पांघरूण असतं, तर उष्णता रात्रीच्या बाजूलाही पसरली असती.

बाहेरच्या ग्रहांना हा मारा कमी बसतो. त्यामुळे वेबची नजर आता चौथ्या ग्रहावर आहे. तिथं पाणी द्रवरूपात राहू शकेल इतपतच ऊब पोचते. हवा शिल्लक असली तर.