मनोरुग्णांची शुश्रूषा आणि आपल्या मुली

(पालक मेळाव्यातील भाषण)



माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील मध्यंतरी भेटावयास आले. मुलगी नर्सिंग शिकते. म्हणाले, "सर, आता पोरीला येरवड्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवणार. उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील? नाव काढून घेतो." मी त्यांना कसेबसे थांबविले.

मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय जी.एन.एम. व बी.एस्सी. नर्सिंग या दोन्ही अभ्यासक्रमांत सक्तीचा आहे. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय अडीच हजारांवर मंजूर खाटांचे. शिकण्यास याहून मोठी शाळा कोणती?

मुलगी परतल्यावर तिने वही दाखविली. रुग्ण काय बोलला व आपण काय बोललो, हे शब्दशः लिहावयाचे असते. एका ठिकाणी तिने शेरा लिहिला होता, "येथे मी उपदेश केला; ऐकून घ्यायला हवे होते." शिक्षक म्हणून ते वाक्य मला लागले. आपण घरात मुलांचे किती ऐकून घेतो?

आणखी एक गोष्ट ती शिकली. काही औषधांनी हातपाय ताठरतात, कंप सुटतो. घरचे लोक घाबरून गोळ्या बंद करतात, 'बाहेरचा असर' म्हणतात, आणि आजार उलटतो. जाणती परिचारिका हे ओळखून डॉक्टरांना वेळीच सांगते.

तामिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खाजगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. 28 जण दगावले. दुवा जरूर मागावी, पण औषध सोडून नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. पण साखळी काढल्यावर त्याचा हात धरणारे माणूसही हवे. इ.स. 1284 मध्ये कैरोत उभ्या राहिलेल्या मन्सूरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. हा आपला वारसा आहे. मग आज लाज कसली?

ती मुलगी आज शेवटच्या वर्षाला आहे. मोहल्ल्यात कोणाला झोप लागेनाशी झाली, कोणी एकटेच बोलू लागले, की लोक तिचे दार ठोठावतात. परवा तिच्या वडिलांनीच एका शेजाऱ्याला तिच्याकडे आणले.

पालकहो, मुलीचे नाव काढू नका.