पौषातली सांदवाडी



वैशाखाच्या या उकाड्यात थंडीवर बोलायला माणूस उभा राहिलेला पाहून आपणांस हसू आले असेल, तर ते साहजिकच आहे. पण पौषात सांदवाडीकडे कोणी किती लक्ष दिले, याची झडती आजच घेता येते. बियाण्याचे मडके उघडावे आणि पाहावे.

आपल्या भंडारा जिल्ह्याची कीर्ती उन्हाची. तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तो शून्याखाली गेला नाही, मग वांग्याची पाने का करपावीत? वेधशाळेचा तापमापक माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. वांग्याचे पान जमिनीलगत, उघड्यावर असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पान आपली ऊब वर आभाळाकडे टाकीत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही गार होते. हे पाहायला यंत्र नको. पहाटे वाडीत जावे. आंब्याखालच्या सांबाराची पाने कोरडी आणि हातभर अंतरावरच्या उघड्या वाफ्यातली दवाने निथळलेली दिसतील. यावरून आच्छादन कोठे हवे तेही कळते. बाजूने चार तट्ट्या उभ्या करून भागत नाही. छत डोक्यावर हवे. धानाच्या तणशीचा पातळ थर मांडवावर संध्याकाळी पसरावा आणि ऊन आले की काढावा. दिवसभर तो तसाच राहिला, तर मातीला रात्रीसाठी ऊब साठवताच येत नाही.

पाण्याची गोष्ट जरा नाजूक आहे. ओली माती दिवसाची उष्णता अधिक धरते, हे खरे. म्हणून कडाक्याची रात्र येणार असे वाटले तर दुपारीच पाणी द्यावे, म्हणजे ते मुरते. विहिरीचे पाणी पहाटे कोमट लागते, त्यात नवल नाही. खोलवरचे पाणी बारा महिने जवळजवळ सारखेच असते, गार होते ती बाहेरची हवा. पण रोज उठून बादली ओतणे हा निराळा प्रकार. या दिवसांत झाड थोडेच पाणी ओढते आणि उरलेल्यात मुळे कुजतात. आधी मातीत बोट घालावे. सर्वांत अधिक हाल तुळशीचे होतात, आणि ते भक्तीपोटी. पौषात तिला पळीभर पाणी घातले, तरी पूजेत उणे पडते असे मला वाटत नाही. मंजिऱ्या मात्र खुडाव्यात.

दोन दिवस आभाळ आले की वालाच्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो. त्या वेळी फवाऱ्याकडे धावण्यापूर्वी पान उलटून पाहावे. काळपट, लांबट, काहीशी भेसूर अळी त्यावर हिंडत असेल, तर तिला चिरडू नका. ते ठिपक्यांच्या लाल भुंगेऱ्याचे पोर आहे आणि मावा खाऊनच ते वाढते. आपले गाव कोशाच्या विणकरांचे. ताण्यातला तुटलेला एक धागा ज्यांना दिसतो, त्यांना हा फरक ओळखणे जड जाऊ नये.

आता मडक्याकडे येतो. आपला जुना मांडवावरचा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही. म्हणून ऐन थंडीत त्याला बहर असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात भाजीची ओढही असते. भरदार शेंगा आधी चुलीवर जातात. मागे राहतात त्या उशिराच्या, किडक्या, अर्धवट भरलेल्या. त्यांचेच बी धरले जाते. असे चार-सहा वर्षे चालले की वेल खुजावतो, आणि मग बाजारातून पाकीट आणावे लागते. त्या पाकिटातला वाल कोणत्या गावच्या थंडीत वाढला, हे कोणास ठाऊक? आपल्या सांदवाडीत टिकलेले बी एकदा संपले की ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. थंडीत ज्या वेलाचे शेंडे तजेलदार राहिले आणि ज्याच्यावर मावा कमी बसला, तो वेल पौषातच हेरून ठेवावा. त्याच्या पहिल्या बहरातल्या वीस-पंचवीस शेंगांना मागावरचा उरलेला रंगीत धागा बांधावा, म्हणजे भाजी तोडणाऱ्या सुनेला आणि शेजारच्या मुलांनाही कळेल की या शेंगांना हात लावायचा नाही. शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात. दाणा नखाने दबेनासा झाला की तो चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात भरावा आणि तोंडाला फडके बांधून मडके कोरड्या कोपऱ्यात ठेवावे. पहिला पाऊस पडेपर्यंत ते उघडायचे नाही, हा नियम. आजच्या झडतीपुरता तेवढा मोडावा.